एमजीबीचं इंजिन घरच्या गॅरेजमध्ये उतरवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९७१ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, ओव्हरड्राइव्हवाली (गिअरबॉक्सच्या मागे बसवलेला, विजेच्या बटणाने लागणारा जादा वेगवान गिअर), इंग्लंडात लेस्टरला घराला लागून एका गाडीपुरतं गॅरेज. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही. वर्कशॉपने क्लचसाठी सांगितलेला खर्च परवडण्यातला नाही. तुम्ही आणि तुमचा मुलगा मिळून घरी इंजिन उतरवू शकाल का, नुसतं इंजिन काढावं की गिअरबॉक्ससकट, आणि किती दिवस धरावेत?

उतरवू शकाल. मी २२ वर्षं इथे कॉव्हेंट्रीत माझ्या आणि मित्रमंडळींच्या एमजीबींची इंजिनं काढतो-बसवतो. पहिली इंजिनं मात्र मी सांगलीत मामांच्या गॅरेजमध्ये उतरवली, आणि ती होती ॲम्बॅसिडरची. हे मुद्दाम सांगतो, कारण दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली आहेत. ॲम्बॅसिडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन, दोन्ही बीएमसीच्या, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, बी-सिरीजची. तोच बिडाचा ब्लॉक, तेच पुशरॉड, तीच साधी सरळ रचना. एमजीबी दिसायला कितीही नाजूक असली तरी तिच्या बॉनेटखालचं इंजिन टॅक्सी ओढणाऱ्या जातीचं आहे. तेव्हा घाबरू नका. फक्त घाई करू नका.

पाना हातात घेण्याआधी एक तपासणी करा. ओव्हरड्राइव्ह बंद ठेवून त्याच चढावर गाडी चौथ्या गिअरमध्ये न्या. तेव्हाही घसरत असेल तर क्लचच. पण फक्त ओव्हरड्राइव्ह चालू असतानाच घसरत असेल, तर दोष ओव्हरड्राइव्हमध्ये आहे आणि नवीन क्लच घालून काहीही साधणार नाही. तसंच, गिअर टाकताना खरखर होते एवढीच तक्रार असेल तर आधी क्लचचे दोन्ही हायड्रॉलिक सिलिंडर बघावेत, त्यासाठी इंजिन काढायची गरज नसते. निव्वळ एवढं न तपासता उतरवलेली इंजिनं मी पाहिली आहेत.

क्लचच निघाला तर मात्र दुसरा रस्ता नाही. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्स खालून उतरवून क्लच बदलता येतो. एमजीबीत नाही. गिअरबॉक्स इंजिनाच्या वाटेनेच, वरून बाहेर येतो. म्हणून क्लच म्हटलं की इंजिन आलंच.

आता नुसतं इंजिन की दोन्ही? यावर एमजीबीवाले हिरिरीने भांडतात. नुसतं इंजिन काढणं लवकर होतं, गाडीखालचं काम जवळपास वाचतं. पण बसवताना गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लचप्लेटच्या खाचांत नेमका घालायचा, तोही इंजिन साखळीवर लटकलेलं असताना आणि मागे बोटं जायला जागा नसताना. त्यात कोणी इंजिनाचा भार क्षणभर त्या शाफ्टवर सोडला तर नवी प्लेट वाकते. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्यांदा करत असाल तर दोन्ही एकत्र काढा. जोडणी बाहेर, जमिनीवर, उजेडात होते. बदल्यात गाडीखाली एक दिवस जास्त जातो आणि उचलताना कल जास्त द्यावा लागतो, एवढंच.

वजनाचा अंदाज असू द्या. इंजिन साधारण १६० किलो, ओव्हरड्राइव्हसकट गिअरबॉक्स धरला तर दोन्ही मिळून २०० किलोच्या वर. घडीची २ टनाची क्रेन भाड्याने आणा. तिच्या दांड्यावर प्रत्येक भोकाशी आकडा लिहिलेला असतो. दांडा जितका लांब तितकी ताकद कमी, त्यामुळे पूर्ण लांबवल्यावर तिची ताकद २ टनाच्या खूप खाली येते. तुमच्या भोकाचा आकडा वाचा. सोबत लेव्हलर घ्या, म्हणजे हँडल फिरवून इंजिनाचा कल बदलणारी आडवी पट्टी. तिच्याशिवाय हे काम करूच नका. गॅरेजच्या छताच्या तुळईला चेन ब्लॉक लावायचा विचार मनात असेल तर तो सोडा. सांगलीत मामांकडे त्यासाठी लोखंडी गर्डर भिंतीत बसवलेला होता. इथल्या गॅरेजच्या लाकडी तुळया छप्पर धरायला असतात, इंजिन धरायला नाही.

पाने मिलिमीटरचे नकोत. ही गाडी इंची मापाची, एएफची (नटाच्या समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर) आहे: ७/१६, १/२, ९/१६ हे पाने रात्रंदिवस लागतील. अर्ध्या इंचाच्या नटाला १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो, पण तो सैल असतो आणि पन्नास वर्षांचा गंजलेला नट लगेच गोल करतो.

गाडी मागच्या बाजूने आत घाला, नाक दाराकडे. एमजीबी ४ मीटरलाही थोडी कमीच आहे, पण तिच्यापुढे क्रेन उभी राहिली की गॅरेज संपतं. क्रेन दाराबाहेर सपाट काँक्रीटवर हवी. खडीवर किंवा उतारावर लोड घेतलेली क्रेन हलवायची नाही. उलट, इंजिन वर आलं की क्रेन जागेवर ठेवायची आणि गाडी मागे ढकलायची. त्यासाठी उचलण्याच्या दिवशी गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) नव्हे, चाकांवर उभी असली पाहिजे. क्रेनचे पाय नाकाखाली जात नसतील तर पुढच्या चाकांखाली जाड फळ्या घाला. ही मापं आदल्या आठवड्यातच घेऊन ठेवा.

पहिलं काम बॅटरी सोडणं. तुमच्या साली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटमागच्या झाकणाखाली असतात. हे टाळू नका, कारण एमजीबीचा पेट्रोल पंप विजेचा आहे आणि मागे आहे. पाइप सोडलेला असताना कोणी चावी फिरवली की पेट्रोल थेट फरशीवर येतं.

मग बॉनेट. बिजागऱ्यांभोवती पेन्सिलने रेघ मारा, दोघांनी धरून काढा, आत घरात नेऊन ठेवा. पाणी, इंजिन ऑइल आणि गिअरबॉक्सचं ऑइल काढून घ्या. कूलंटची परात उघडी टाकू नका. त्याची चव गोड असते, मांजरं-कुत्री पितात आणि मरतात. हे सगळं बंद डब्यांत भरून कौन्सिलच्या रिसायकलिंग केंद्रावर द्यायचं.

रेडिएटर नुसता काढू नका, तो ज्या पत्र्यात बसलेला असतो त्या पत्र्यासकट काढा. दोन्ही बाजूंचे बोल्ट काढले की सगळं एकत्र वर येतं आणि पुढे भरपूर जागा होते. ऑइल कूलर असेल तर त्याच्या पाइपांवर दोन पाने लावा, एकाने कूलरकडचा नट धरून ठेवायचा, दुसऱ्याने पाइपाचा नट सोडायचा. एकच पाना लावून ताकद लावली तर कूलरचं तोंडच पिळवटतं.

डाव्या बाजूला दोन्ही एसयू कार्बोरेटर मधल्या जोडदांड्यासकट एकत्र निघतात. वेगवेगळे करू नका, नाहीतर त्यांची जुळणी पुन्हा करत बसावं लागतं. सायलेन्सरचा पुढचा पाइप मॅनिफोल्डला सहा पितळी नटांनी धरलेला असतो. त्यांवर दोन दिवस आधीपासून गंज सोडवणारं तेल मारत राहा. उजवीकडे डिस्ट्रिब्यूटरचं झाकण, ऑइल फिल्टर, अल्टरनेटर, स्टार्टर. स्टिअरिंगचा दांडाही त्याच बाजूला असल्यामुळे तिथे अडचण असते, म्हणून मी हे सगळं काढूनच घेतो.

प्रत्येक वायरला चिठ्ठी लावा आणि सोडण्याआधी फोटो काढा. फोटोत आजूबाजूचं ओळखू येईल इतकं लांबून काढा. नुसत्या वायरच्या टोकाचा जवळून काढलेला फोटो दोन महिन्यांनी काहीच सांगत नाही. प्रत्येक ठिकाणचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, आणि पिशवीवर इंग्रजी नाव आठवत नसेल तर सरळ ‘रेडिएटर उजवी बाजू’ असं लिहा. तुमच्याशिवाय ते कोण वाचणार आहे?

आता एका वस्तूपाशी थांबतो. तापमानाच्या काट्याकडून एक बारीक नळी येते, गुंडाळलेली स्प्रिंग असते तशा आवरणातून, आणि तिचं टोक हेडच्या पुढच्या भागात पितळी नटाने बसवलेलं असतं. ती वायर नाही. आत द्रव भरलेली तांब्याची केसासारखी नळी आहे. नट फिरवताना नळी त्याच्याबरोबर पिळली, किंवा कुठे दुमडली, की तापमानाचा काटा कायमचा गेला. माझ्या पहिल्या एमजीबीत मी नट सोडला, पण टोक हेडमध्ये अडकलेलं होतं. मी पक्कड लावून ओढलं. टोक आतच राहिलं आणि नळी हातात आली. आवाजसुद्धा झाला नाही. त्या रात्री मी गाडीत जाऊन काटा बघत बसलो होतो, तो तळाशी पडला होता आणि पडलेलाच राहिला. आता मी टोकाभोवती तेल मारून एक रात्र जाऊ देतो, मग नट मागे घेऊन टोक दोन बोटांनी हलकेच डावं-उजवं हलवतो. सुटलं की नळीचं सैलसर वेटोळं करून मागच्या पत्र्याला बांधून टाकायचं. इंजिन वर येताना तिच्या आसपासही जाता कामा नये.

गाडीखालचं काम गाडी घोड्यांवर घेऊन करा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही, एका मिनिटासाठीसुद्धा नाही. प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचे) चार बोल्ट काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर खूण करा. स्पीडोमीटरची केबल, ओव्हरड्राइव्ह आणि रिव्हर्सच्या दिव्याच्या वायरी. क्लचचा खालचा सिलिंडर बेल हाउसिंगवरून, म्हणजे क्लच झाकणाऱ्या कवचावरून, सोडायचा, पण त्याचा पाइप उघडायचा नाही. सिलिंडर बाजूला तारेने बांधून ठेवा आणि पेडलवर चिठ्ठी लावा, ‘दाबू नका’. कोणी दाबलं तर पिस्टन बाहेर येतो. गिअरचा दांडा आतून, कार्पेट उचलून काढायचा. गिअरबॉक्सचा मागचा क्रॉसमेंबर, म्हणजे त्याला खालून धरणारी आडवी पट्टी, शेवटी सोडायचा, खाली चाकांचा जॅक लावून. मग गाडी परत चाकांवर घ्या.

उचलण्यासाठी मी हेडच्या दोन नटांखाली, एक पुढे एक मागे, जाड लोखंडी पट्ट्या लावतो. एका वेळी एकच नट काढायचा, पट्टी घालून लगेच ४५ ते ५० पाउंड-फूटला परत आवळायचा, मग दुसरा. नट पट्टीवर पूर्ण आट्यांनी बसला पाहिजे. ब्लॉकभोवती पट्टा गुंडाळून उचलणारे लोक आहेत, पण तिरक्या कलात पट्टा सरकतो.

क्रेनने साखळी ताठ करा, एवढीच. मग दोन्ही बाजूंचे इंजिन माउंटिंग सोडा. आता दोन बोटं वर घ्या आणि थांबा. टॉर्च हातात घेऊन सगळीकडून चक्कर मारा. पुन्हा दोन बोटं, पुन्हा चक्कर. चेंबर, म्हणजे इंजिनाखालची तेलाची परात, पुढच्या क्रॉसमेंबरवरून सुटला की लेव्हलर फिरवत इंजिनाचं नाक वर आणि गिअरबॉक्सची शेपटी खाली करत न्यायची. कल जवळजवळ ४५ अंशांपर्यंत जातो. बघताना भीती वाटते, पण तसंच असतं. गिअरबॉक्सच्या शेपटीवर जाड प्लॅस्टिकची पिशवी आधीच घट्ट बांधून ठेवा, कारण काढल्यावरही उरलेलं ऑइल त्या कलात मागून येतंच. शेपटीखाली चाकांचा जॅक ठेवा म्हणजे ती गाडीच्या तळातल्या गिअरबॉक्सच्या बोगद्यातून घसटत न येता सरकत येईल.

कामं आधीच वाटून घ्या. तुम्ही क्रेनच्या झडपेवर, मुलगा बाजूला उभा राहून वरून बघणारा. तो ‘थांबा’ म्हणाला की थांबायचं, का ते नंतर विचारायचं. लटकत्या इंजिनाखाली हात, पाय, डोकं काहीही नाही. काही खाली पडलं तर ते पडलेलंच राहू द्या.

मामा एक गोष्ट वारंवार सांगायचे, आणि या सगळ्या उत्तरातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट तीच आहे: इंजिन अडत नाही, काहीतरी जोडलेलं राहिलेलं असतं. क्रेनच्या दांड्याला तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त जोर आहे, आणि काय तुटतंय ते तिला कळत नाही. इंजिन यायचं थांबलं की पंप मारायचा नाही, शोधायचं. एमजीबीत विसरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: अर्थची पट्टी (इंजिन बॉडीला जोडणारी विजेची पट्टी), ऑइल प्रेशरच्या काट्याकडे जाणारी ब्लॉकवरची रबरी नळी, हेडच्या मागची हीटरची केबल, स्पीडोमीटरची केबल, ओव्हरड्राइव्हची वायर. दहापैकी नऊ वेळा यांतलंच एक असतं.

बाहेर आलं की लगेच खाली घ्या, जुन्या टायरवर किंवा लाकडी चौकटीवर. चेंबर पातळ पत्र्याचा आहे, त्यावर वजन देऊ नका. इंजिन क्रेनवर रात्रभर लटकत ठेवायचं नाही.

गिअरबॉक्स वेगळा केल्यावर पुसापुशी करण्याआधी क्लचप्लेट बघा. कोरडी आणि झिजलेली असेल तर ती आपल्या वयाने गेली. तेलकट असेल तर तेल कुठून आलं ते आताच ठरवा. या गाडीच्या गिअरबॉक्समध्येही २०डब्ल्यू५० इंजिन ऑइलच असतं, त्यामुळे वासावरून फरक कळत नाही, रंगावरून कळतो. काळं असेल तर इंजिनाच्या मागच्या सीलमधून आलंय, मधासारखं स्वच्छ असेल तर गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधून. मी दोन्ही सील बदलतोच. ती स्वस्त आहेत, आणि त्यांच्यासाठी पुन्हा एवढं सगळं काढायचं नाही.

क्रँकशाफ्टच्या टोकात पितळी रंगाचा छोटा बुश असतो, गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक त्यात फिरतं. तो आतून ओढायला पकड मिळत नाही. त्याच्या भोकात ग्रीस गच्च भरा, भोकात नेमका बसेल असा गोल गज घाला आणि हातोडी मारा. ग्रीस दबून बुशच्या मागे जातं आणि बुश आपोआप बाहेर येतो. पहिल्यांदा बघताना मुलाला बोलवा. नवा बुश रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवायचा, मग ठोकायचा.

क्लच रिलीजचं बेअरिंग एमजीबीत गोळ्यांचं नाही, काळ्या कार्बनची कडी असते. नवीच घाला. आणि पुढे सिग्नलला पेडल दाबून उभं राहायची सवय असेल तर ती सोडा, ती कडी त्यानेच झिजते. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करत २५ ते ३० पाउंड-फूटला आवळा. प्लेट मध्यावर धरायला प्लॅस्टिकचा अलाइनर किटबरोबर येतो.

याच टप्प्यावर मोह होतो. इंजिन बाहेर आहेच तर रंगवू, हेड करू, पिस्टन रिंगा बघू. सील, बुश, ब्लॉकच्या मागचे गंजलेले कोअर प्लग आणि फाटलेले रबर माउंटिंग, एवढ्यावर थांबा. चांगलं चालणारं इंजिन उघडून दोन वर्षं ताडपत्रीखाली पडलेल्या एमजीबी मी या एकाच गावात तीन पाहिल्या आहेत.

बसवणं म्हणजे हेच उलट क्रमाने. त्यात वेळ खाणारी गोष्ट एकच, मागचा क्रॉसमेंबर. तो आधी गिअरबॉक्सला लावून घ्या, मग बॉडीचे सगळे बोल्ट हाताने दोन-दोन आटे पकडवा, आणि सगळे लागल्यावरच आवळा. अर्थची पट्टी विसरली तर स्टार्टरचा सगळा करंट चोकच्या केबलमधून परतीची वाट शोधतो. केबल लाल होते आणि जळते. म्हणून बॅटरी जोडण्याआधी ती पट्टी हाताने ओढून बघा.

स्पार्क प्लग काढून ठेवा आणि स्टार्टर थोडा थोडा फिरवत राहा, ऑइल प्रेशरचा काटा उठेपर्यंत. उठला की मगच प्लग लावून चालू करा. चाळीस वर्षांवरच्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना एमओटी, म्हणजे इथली वार्षिक वाहन तपासणी, सक्तीची नाही, म्हणजे तुमचं काम दुसरं कोणी तपासणार नाही. शंभर मैलांनी प्रोपेलर शाफ्ट, माउंटिंग आणि सायलेन्सरचे नट पुन्हा स्वतः तपासा.

किती दिवस? काढायला दोन शनिवार-रविवार, बसवायला दोन. एका शनिवार-रविवारात होतं असं सांगणाऱ्याने ते आधी दहा वेळा केलेलं असतं.

आणि क्लच किट मागवण्याआधी ब्लॉकच्या उजव्या अंगावर रिव्हेट केलेल्या पट्टीवरचा इंजिन नंबर कपड्याने पुसून वाचून घ्या. तुमच्या सालच्या गाडीत पाच बेअरिंगचंच (क्रँकशाफ्टला पाच ठिकाणी आधार असलेलं) इंजिन असायला हवं, पण पन्नास वर्षांत कोणी जुनं तीन बेअरिंगचं घातलेलं असू शकतं, आणि त्याच्या गिअरबॉक्स शाफ्टचं टोक वेगळ्या मापाचं असतं. तसं निघालं तर वर सांगितलेला बुश बसणार नाही. नंबर कळवा, मी कुठला बुश लागेल ते सांगतो.